खाऊचे पैसे

दुपारी राजमा निवडायला घेतला. उत्तराखंडातल्या मुन्स्यारीचा, पांढरा. भौगोलिक मानांकन वगैरे मिळालेला. असल्या राजम्यात निवडण्यासारखं काही नसतं खरं तर, पण दुपारी परात मांडीवर घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हाच राजमा तिथल्या सरमोली गावात, ज्यांच्या घरी पैसे देऊन पाहुणी म्हणून राहिले होते त्या दीदींच्या अंगणात निवडला होता, त्यांच्या जोडीनं. "यहाँ घाम में बैठो," त्या म्हणाल्या तेव्हा दोन स्वेटर घातलेली मी एकटीच हसत सुटले. कुमाऊंत घाम म्हणजे ऊन! समोर पंचचूली, हिमालयाची पाच शिखरं. द्रौपदीनं स्वर्गाच्या वाटेवर शेवटचा स्वयंपाक केला त्या पाच चुली, म्हणे. शब्दसुद्धा आपलाच, चूल. पाच चुली एका बाईनं कशा सांभाळल्या असतील, हे मात्र कुणी सांगत नाही. दीदींकडे दोनच होत्या, एक गॅसची आणि एक लाकडाची, तरी त्यांना बसायला उसंत नव्हती.

इथल्या बायकांनी 2004 साली पैसे घेऊन घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. कमाईतला वाटा गावच्या वनपंचायतीच्या, म्हणजे गावकरीच सांभाळतात त्या जंगलाकडेही जातो. 2023 मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानं सरमोलीला उत्कृष्ट पर्यटन गाव ठरवलं. दीदींना त्यापेक्षा मक्यावर येणाऱ्या माकडांबद्दल जास्त बोलायचं होतं.

मला छळत होती ती वेगळीच गोष्ट. पैसे द्यायचे कधी?

आजोळहून निघताना मामा मुठीत दहाची नोट कोंबायचा. आई "अरे, कशाला, नको नको" म्हणायची आणि त्याच वेळी मला डोळ्यांनी खुणवायची, घे. मी नको म्हणत मूठ घट्ट करायचे. पाहुणचार आणि पैसा यांची गाठ माझ्या डोक्यात त्या मुठीत पडलीय ती पडलीच. इथे तर चार दिवस दीदींच्या हातचं गरम खाल्लेलं, त्यांच्या रजईत झोपलेलं, त्यांच्या गाईला नावानं हाक मारायला लागलेलं. आणि पर्समध्ये पाकीट. हॉटेलात काउंटर असतो, तो किती मोठा उपकार आहे!

शेवटी निघायच्या सकाळी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. चेहऱ्यावर "राहू द्या हो, ठेवा" असा भाव. दीदींनी ओल्या बोटानं नोटा मोजल्या. परत मोजल्या. वहीत लिहिलं आणि पन्नास रुपये परत दिले. "नहीं नहीं, रहने दो" एवढं तरी म्हणतील, असं कुठेतरी वाटत होतं बहुधा. मग मी राजमा मागितला, तर तोही काट्यावर तोलून, दोन किलो, भाव सांगून. मला जरासं लागलंच. आपण मावशीकडे आलो होतो, ही समजूत माझी एकटीचीच होती. त्यांचं मात्र सगळं स्वच्छ होतं: ही शेती, ही गाय, ही खोली, हा हिशेब. रस्त्यापर्यंत माझी जड बॅग पाठीवर घेऊन आल्या, त्याचे पैसे कुठे लिहिले नव्हते.

आत्ता परातीत खडा सापडला. चांगला हरभऱ्याएवढा. दीदींच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. माझ्याच ढिगातला असणार.