कोड, प्रकाशोपचार आणि दहा प्रश्न

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरपलीकडच्या माणसाचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे नसतं, बोटांकडे असतं. नोटा नीट मोजतेय की नाही हे बघायचं असतं ना! त्यामुळे कोड, म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, कपाळावर आलं तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बोटांवर उतरलं आणि गावभर झालं.

कपाळावरचा डाग अगदी गोल होता. मावशी म्हणाली, "मोठी टिकली लाव, झाकून जाईल." सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी पहिल्याच भेटीत ती टिकली काढायला लावली. चिकट टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं आणि ते त्वचेतल्या रंगपेशी मारतं. म्हणजे झाकायला लावलेली टिकली उलट डागाला खतपाणीच घालत असणार. "कपाळ काही दिवस मोकळं ठेवा," असं सांगून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सासूबाईंना घेऊन या, मी समजावते." सवाष्णीला हे सांगणं किती जड जातं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी कापसाचं टोक डागांवर टेकवून डोळे मिटायला सांगितले. कळतंय? कळत होतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना जाते, कोडात ती शाबूत असते. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या रंगपेशींवर उलटते, म्हणून कोड होतं. ते स्पर्शाने पसरत नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही (आमच्याकडे या दुसऱ्या कारणावर सगळ्यांचा गाढ विश्वास. मी जन्माची शाकाहारी, पण ऐकतं कोण!). कोडाबरोबर थायरॉइडची तक्रार बऱ्याचदा असते, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक निघालं.

यानंतर त्यांनी एक कागद पुढे केला. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी तयार केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली. त्वचेमुळे गेल्या आठवड्यात तुम्हाला लाज वाटली का? कपडे निवडताना विचार करावा लागला का? बाजारात जायचं टाळलंत का? नवऱ्याशी, जवळच्या माणसांशी काही अडचण? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. अकरा किंवा जास्त झाले की आयुष्यावर 'फार मोठा परिणाम' समजतात. मी बरीच पुढे होते. खाज नाही, दुखणं नाही, आणि तरी एवढे गुण!

ते गुण कुठून आले होते ते मला माहीत होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी करंड्यात बोट बुडवलेली बाई माझ्या कपाळापाशी येऊन थबकली आणि करंडा माझ्याच हातात देत म्हणाली, "तुमचं तुम्हीच लावून घ्या." वाण मात्र हसून दिलं. त्यानंतर मी भिशीला जाणं सोडलं. काउंटरवर लोक पैसे हातात न देता काचेखालून सरकवायला लागले. काही जण आधीही सरकवत असतील, पण मी आता प्रत्येकाचा हिशेब ठेवायला लागले होते.

मॅडमनी प्रकाशोपचार सुरू केले. माणूस उभा राहील एवढ्या यंत्रात चहूबाजूंनी ट्यूब असतात, त्यातून ३११ ते ३१३ नॅनोमीटरचे अतिनील किरण येतात. डोळ्यांना काळा गॉगल लावून आत उभं राहायचं. सुरुवात काही सेकंदांची, मग हळूहळू वाढ. दुसऱ्या दिवशी डाग फिकट गुलाबी दिसला की मात्रा बरोबर. आठवड्यातून दोन-तीनदा, पण लागोपाठच्या दिवशी नाही. एसटीने सांगली गाठायची, क्षणभर उजेडात उभं राहायचं आणि परत फिरायचं. हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा महिन्याभरात गुण येईल म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

पहिला रंग मनगटाच्या वरच्या डागात आला. एकेका केसाच्या मुळाशी मोहरीएवढा तपकिरी ठिपका. रंगपेशींचा राखीव साठा केसांच्या मुळांत असतो, तिथून त्या बाहेर सरकतात. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, त्यामुळे तिथे आशा कमी, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या स्पष्टपणाचे मी आभार मानते.

"मन आनंदी ठेवा" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की त्याचाच ताण यायचा. ताणाने कोड भडकू शकतं म्हणतात. म्हणजे डागही माझे आणि दोषही माझाच! मॅडमनी सल्ला दिला नाही, समुपदेशकाकडे चिठ्ठी दिली. तिथे आम्ही अगदी साधं काम केलं: लोक टक लावून बघतात तेव्हा काय बोलायचं ते ठरवलं. "कोड आहे. हात लागल्याने होत नाही. घ्या पैसे." तीन छोटी वाक्यं, मोठ्याने, नोटा मोजत असताना म्हणायची. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा समोरचे काका इतके वरमले की पावती विसरून गेले. मग पैसे सरकवणाऱ्यांचा हिशेब आपोआप सुटला. भिशीला परत जायला लागले, मात्र त्या करंडेवालीच्या घरी नाही.

कपाळ बरंचसं भरल्यावर पुन्हा तोच कागद आला. बोटं होती तशीच पांढरी, पण लाज, बाजार, कपडे, सगळ्यांचे गुण उतरले होते. फक्त दहाव्या प्रश्नाचे वाढले. तो प्रश्न असा, की उपचारामुळेच किती त्रास होतो, किती वेळ जातो? मी 'खूपच'वर खूण केली: अर्धी रजा, एसटी, घरी पोचायला दिवेलागण. मॅडमनी कागद बघितला, माझी बोटं बघितली आणि म्हणाल्या, "मग हातांसाठी यायचं बंद करूया का?" मी लगेच हो म्हटलं. आता कपाळाचा रंग टिकावा म्हणून आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमसचं मलम लावते आणि बाहेर पडताना बोटांना सनस्क्रीन. टिकली बंद ती बंदच. सासूबाई आता शेजारणींनाही गोंदाची माहिती देतात.