दाखल्यावरची सही

सोमवार, म्हणजे आमच्या तालुका कोर्टात बोर्ड (दिवसभराच्या कामांची यादी) भरगच्च. नेमके तेव्हाच माझे एक जुने पक्षकार पुतण्याला घेऊन बार रूममध्ये आले. "वकीलसाहेब, याला जज्जाच्या परीक्षेला बसायचंय. तीन वर्षं तुमच्या हाताखाली होता, एवढा दाखला द्या."

पोराची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, 2022ची. त्यानंतरचा सगळा काळ पुण्यात, क्लास आणि अभ्यासिकेत.

20 मे 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. 2002 मध्ये ती काढली होती, तीही सर्वोच्च न्यायालयानंच. वर्षं मोजायची वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून. आणि दहा वर्षं वकिली झालेल्यानं दाखला दिला, तर त्यावर तिथल्या प्रमुख न्यायाधीशांचा शेरा हवा. अट मला पटते. पण ती पाळली जाणार की नाही, हे आता आमच्यासारख्यांच्या पेनावर आलंय.

"तुझं नाव असलेलं एखादं वकीलपत्र?" मी विचारलं. त्यानं मोबाईलवर सनदेचा फोटो दाखवला.

म्हटलं, चल कोर्टात. एका दाव्यात, कोर्टाच्या नोंदीत निशाणी 5 असलेल्या मनाई अर्जावर आमचा से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचा होता. पुकारा झाला. फाईल त्याच्या हातात देऊन मी मागे उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "से आणलाय?" तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी माझी ज्युनिअर पुढे झाली. तिनं फाईलमधून से काढला, समोरच्या वकिलांना प्रत दिली, मिळाल्याची सही मूळ कागदावर घेतली आणि तो पुढे दिला. साहेबांनी युक्तिवादाला तारीख दिली. सगळं दोन मिनिटांत.

गंमत बघा, कागदावर पोराची तीन वर्षं भरलीत. ही रोज उभी राहते, पण सनद उशिराची, म्हणून तिला अजून वर्षभर थांबायचंय. तोवर मी देतो त्यात तिचं एसटीचं भाडं आणि जेवण निघतं, फार तर. तिकडे घरी स्थळं बघणं सुरू आहे. बिनपगारी वर्षं कुणाला परवडतात, याचं उत्तर अटीत नाही.

दाखला मी दिला नाही. काकांनी बराच वेळ समजावलं, मग आवाज चढला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस जमिनीच्या दाव्याची फाईल न्यायला आला. सोबत एनओसी, म्हणजे दुसरा वकील लावायला माझी हरकत नसल्याचा कागद, टाईप करूनच आणली होती. त्यावर सही करून दिली.