डरहॅमचे तंबू आणि कोच के

नॉर्थ कॅरोलायनात केरी किंवा मॉरिसव्हिलला नातेवाइकांकडे उतरलेल्या मराठी माणसाला साधारण तीन ठिकाणं दाखवली जातात: केरीतलं वेंकटेश्वराचं देऊळ, रिसर्च ट्रँगल पार्कमधलं कुणाचं तरी ऑफिस आणि डरहॅममधल्या ड्यूक विद्यापीठाचं चॅपल. चॅपल पाहून लोक परत फिरतात. तिथून उतरणीला लागून दहा मिनिटं चाललं, की कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम लागतं. अमेरिकेतलं कॉलेजचं बास्केटबॉल समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

कधी जायचं, ते आधी ठरवा. वर्षातला सगळ्यात मोठा सामना शेजारच्या चॅपल हिल गावातल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी असतो. दोन्ही विद्यापीठांमधलं अंतर जेमतेम सोळा किलोमीटर, आणि वैर चार पिढ्यांचं. दोघं वर्षातून दोनदा खेळतात, एकदा इथे आणि एकदा तिथे. ड्यूककडचा सामना कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडतो, कधी मार्चच्या. तारीख वेळापत्रकात बघा आणि तिच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कुठल्याही दिवशी जा. सामन्याच्या दिवशीच जायचा हट्ट धरू नका. पुनर्विक्रीत तिकिटाचे दर आवाक्याबाहेर जातात आणि पार्किंग मिळत नाही. शिवाय पाहण्यासारखं पुष्कळसं बाहेरच्या हिरवळीवर असतं आणि ते फुकट आहे.

त्या हिरवळीला के-व्हिल म्हणतात. पूर्ण नाव शशेफ्स्कीव्हिल. माईक शशेफ्स्की, म्हणजे कोच के, १९८० ते २०२२ अशी बेचाळीस वर्षं इथले प्रशिक्षक होते, त्यांच्या नावावरून ते पडलं. १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सामन्याला पुढची जागा मिळावी म्हणून काही विद्यार्थ्यांनी स्टेडियमबाहेर तंबू ठोकले. तिथून ही रीत सुरू झाली. ड्यूकच्या पदवीपूर्व विद्यार्थ्याला सामना फुकट असतो. ओळखपत्र दाखवायचं, रांगेत उभं राहायचं आणि आधी येईल त्याने आधी आत जायचं. मैदानाला चिकटून असलेल्या बाकांवर सुमारे १,२०० मुलं मावतात. रांग लांबत लांबत आठवड्यांवर गेली, म्हणून तिला नियम लागले.

तंबूत जास्तीत जास्त बारा जण. तंबू तीन प्रकारचे: काळे, निळे आणि पांढरे. हे रंग कापडाचे नव्हेत, मुक्कामाच्या कडकपणाचे आहेत. काळा सगळ्यात आधी लागतो. त्यात दिवसा दोन जण आणि रात्री दहा जण हजर लागतात. निळा नंतर येतो, त्यात दिवसा एक आणि रात्री सहा. पांढरा शेवटी, दिवसा एक आणि रात्री दोन. तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, पण सांगाडा हाच. काळ्या तंबूंना मागणी जास्त असल्याने संघाच्या इतिहासावर आणि खेळाडूंवर लेखी परीक्षा घेऊन क्रम लावतात.

हजेरी घेणारे विद्यार्थीच असतात, त्यांना लाइन मॉनिटर म्हणतात. दिवसा किंवा रात्री कधीही भोंगा वाजतो आणि प्रत्येक तंबूने ठरलेली डोकी ओळखपत्रांसह उभी करायची. एक हजेरी चुकली तर निभावतं, दुसरी चुकली की तंबू रांगेच्या शेपटाला. गंमत अशी, की तंबू रात्रीपेक्षा दिवसाच जास्त बुडतात. रात्री दहा जण झोपलेले असतात, त्यांतला एखादा तरी भोंग्याने उठतो आणि बाकीच्यांना हलवतो. दिवसा पाळी एकाची किंवा दोघांची. तेवढ्यात कुणी स्वच्छतागृहात गेला, किंवा पुढच्या पाळीवाल्याचं प्रॅक्टिकल लांबलं, की संपलं. म्हणून बारा जणांचं वेळापत्रक तासातासाचं आखावं लागतं. बारा जणांत वेगवेगळ्या विभागांची मुलं घेतात, म्हणजे सगळ्यांची परीक्षा एकाच सकाळी येत नाही.

जानेवारीत इथे रात्रीचा पारा शून्याच्या आसपास असतो. पाऊस झाला, की हिरवळीचा चिखल होतो. थंडीपेक्षा ओल जास्त छळते, कारण तंबूच्या तळातून पाणी वर येतं आणि स्लीपिंग बॅग एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. खाली जाड ताडपत्री हवीच, पण ती तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी तीच आत आणते. तापमान फार उतरलं, वीज कडाडायला लागली किंवा बर्फ पडला, तर मॉनिटर ‘ग्रेस’ जाहीर करतात, म्हणजे तेवढ्या वेळापुरती हजेरी माफ. ग्रेस कधी संपणार, यावर सगळ्यांचे कान. सामन्याच्या आदल्या टप्प्यात तंबू उतरवतात आणि शेवटच्या वैयक्तिक हजेऱ्या सुरू होतात. त्या प्रत्येकाने आपल्या आपण द्यायच्या असतात. तिथे तंबूसोबत्यांची मदत नाही.

पाहुण्याने हिरवळीवर फिरायला हरकत नाही. मुलं आनंदाने बोलतात. फक्त कुणाच्या तंबूत डोकावू नका आणि हजेरी चालू असताना वाटेत उभं राहू नका.

आता आत चला. कॅमेरॉन ६ जानेवारी १९४० ला प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याने उघडलं. १९७२ मध्ये त्याला पूर्वीचे प्रशिक्षक एडी कॅमेरॉन यांचं नाव मिळालं. आराखडा वास्तुविशारद ट्रम्बाउर यांच्या कचेरीचा. तिथले मुख्य आरेखक ज्युलियन एबल हे कृष्णवर्णीय होते, आणि या विद्यापीठात तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. आत पितळी कठडे आणि लाकूडकाम आहे. क्षमता ९,३१४, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदी लहान. चॅपल हिलचं स्टेडियम याच्या दुपटीहून मोठं आहे. पण छोटेपणामुळेच इथला आवाज अंगावर येतो.

विद्यार्थ्यांची बाकं पाहताना मैदानाची कडरेषा बाकांपासून किती लांब आहे, ते नीट बघा. मध्ये पत्रकारांच्या टेबलांची एक ओळ, बस्स. पत्रकार टाइप करतात आणि त्यांच्या खांद्यांवरून निळ्या रंगाने माखलेले हात पुढे येतात. पाहुण्या संघाचा खेळाडू कडेवरून चेंडू आत टाकायला उभा राहिला, की बोटं थरथरवत ते हात त्याच्या पाठीपर्यंत जातात. स्पर्श करायचा नाही, हा नियम. बाकांवर कुणी बसत नाही, पूर्ण दोन तास उभं राहायचं. ताज्या रंगाचा लेप आणि घाम मिळून शेजाऱ्याच्या कपड्यांना लागतो, म्हणून जुने कपडे घाला.

ही टारगट गर्दी कोच के यांच्या आधीपासूनची आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने चेंडू नुसताच धरून ठेवला आणि मध्यंतराला गुणफलक ड्यूकच्या बाजूने ७-० होता. त्यांचा एक फटका रिंगलाही लागला नाही, तेव्हा पोरांनी ‘एअरबॉल’चा गजर केला. हा गजर इथूनच देशभर गेला, असं मानतात.

शशेफ्स्की शिकागोच्या पोलिश वस्तीतले, जन्म १९४७ चा. वडील लिफ्टमन होते. पोलिश आडनावाला काम मिळायला अडचण, म्हणून ते कामावर क्रॉस असं नाव लावत. आई एमिली रात्री शिकागो अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये साफसफाई करायच्या. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रशिक्षक बॉब नाइट यांच्या हाताखाली खेळला आणि शेवटच्या वर्षी कर्णधार झाला. त्याच १९६९ सालात वडील गेले, पदवी मिळाली आणि पदवीच्याच दिवशी लग्न झालं. पाच वर्षं सैन्यात अधिकारी, मग इंडियानात नाइट यांचे साहाय्यक, मग पाच वर्षं वेस्ट पॉइंटच्याच संघाचे प्रशिक्षक. तिथल्या शेवटच्या मोसमात ९ विजय आणि १७ पराभव. असा माणूस ड्यूकचे क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी निवडला, आणि मला बटर्स यांचं कौतुक अधिक वाटतं.

कारण पहिल्या तीन मोसमांत ड्यूकचे ३८ विजय आणि ४७ पराभव झाले. मार्च १९८३ मध्ये व्हर्जिनियाने १०९-६६ असं धुतलं. ‘काढा याला’ म्हणून माजी विद्यार्थी आणि देणगीदार मागे लागले. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कुणी तरी ‘आजची रात्र विसरू या’ म्हणून ग्लास उंचावला, तेव्हा शशेफ्स्कींनी त्याला दुरुस्त केलं: आजची रात्र कधीच विसरायची नाही. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सरावाला गुणफलकावर १०९-६६ झळकत होतं. जानेवारी १९८४ मध्ये बटर्स यांनी त्यांना काढायच्या ऐवजी करार वाढवून दिला. १९८६ मध्ये संघ ३७ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यानंतरची.

त्याच जानेवारी १९८४ मध्ये प्रेक्षकांचीही कानउघाडणी झाली. मेरीलँडच्या एका खेळाडूवर मुलांनी मैदानात अत्यंत हीन गोष्टी फेकल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी त्यांना पत्र लिहिलं आणि खाली सही केली ‘अंकल टेरी’. घरातल्या वडीलधाऱ्याने लिहावं तसं ते पत्र होतं: शिव्यांवाचूनही चतुर होता येतं. पुढच्या सामन्याला पोरं डोक्याभोवती तारेची तेजोवलयं लावून आली, नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रशिक्षकाच्या स्वागताचा फलक धरला आणि पंचांचा निर्णय खटकला, की शिव्यांऐवजी ‘आमचं नम्रपणे वेगळं मत आहे’ असा गजर केला. एका पत्राने सगळं सोवळं झालं, असं नाही. पण सामन्याआधी पाहुण्या संघाची माहिती आणि घोषणा छापून वाटायचा कागद, मॉनिटर, हजेऱ्या हे सगळं पाहिलं की कळतं, इथला गोंगाट शिस्तीने शिजवलेला असतो.

कोच के या पोरांना संघातले धरत. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी तंबूवाल्यांना कॅमेरॉनमध्ये बोलावून डावपेच सांगत, पिझ्झा पाठवत. २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स या व्यावसायिक संघाने त्यांना मोठ्या रकमेचा देकार दिला, तेव्हा राहा म्हणून विनवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या ईमेलने डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं. आणि जानेवारी २०२० मध्ये पिट्सबर्गचे प्रशिक्षक जेफ केपल, म्हणजे ड्यूकचे जुने खेळाडू, यांच्या नावाने गजर सुरू झाला, तेव्हा याच पोरांवर ते भर सामन्यात ओरडले. तो गजर टिंगलीचा नव्हता, हे कळल्यावर माफीही मागितली. ५ मार्च २०२२ ला त्यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना नॉर्थ कॅरोलायनाने ९४-८१ असा जिंकला, आणि महिन्याभरात राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीतही त्यांनीच हरवलं.

आपल्याकडून एमएस करायला गेलेल्या मुलांसाठी एक वेगळी वाट आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं शिबिर सप्टेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी भरतं. लोक भाड्याचे ट्रक आणून आत गाद्या टाकतात. इथेही अवेळी भोंगा वाजतो, हजेऱ्या टिकवणाऱ्यांची सोडत निघते आणि नाव लागलं तर मोसमी तिकीट विकत घ्यायचा हक्क मिळतो. पैसे भरावे लागतात, पण बाहेरच्या दरापुढे ते काहीच नाहीत. ऑगस्टमध्ये पोहोचलात, की पहिल्या आठवड्यातच नोंदणीची तारीख विचारा. नवी मुलं बँक खातं आणि भाड्याच्या खोलीत गुंतलेली असतात आणि नोंदणी निघून जाते.

पाहुण्यांना आतला आवाज ऐकायचाच असेल, तर महिला संघाचा सामना बघा. मैदान तेच आणि तिकीट पुष्कळ स्वस्त. डिसेंबरात पुरुष संघाचे किरकोळ प्रतिस्पर्ध्यांशी होणारे सामनेही परवडतात, पण परीक्षा-सुट्टीत पोरं नसतात आणि मग अर्धी मजा जाते. स्टेडियमला लागूनच्या इमारतीत बास्केटबॉल संग्रहालय आहे, तिथे विजेतेपदांचे करंडक आहेत. सामना नसेल त्या दिवशी गाडी ब्रायन सेंटरच्या गॅरेजमध्ये लावून सगळं पायी होतं.

वेळ उरला तर वेस्ट चॅपल हिल स्ट्रीटवरचं एमिली के सेंटर बाहेरून तरी पाहा. साफसफाई करणाऱ्या त्या आईच्या नावाने २००६ मध्ये ते सुरू झालं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शाळेपासून कॉलेजपर्यंत तिथे मदत मिळते. मग पंधरा-पाचशे-एक रस्त्याने चॅपल हिलला जा. नॉर्थ कॅरोलायनाचं बास्केटबॉल संग्रहालय त्यांच्या स्टेडियमच्या, म्हणजे डीन स्मिथ सेंटरच्या शेजारीच आहे, आणि ड्यूकला हरवल्यावर तिथली पोरं ज्या फ्रँकलिन स्ट्रीटवर लोटतात, तिथे जेवायची सोय उत्तम आहे. फक्त ड्यूकचा निळा शर्ट गाडीत ठेवून उतरा.