सहा किलोहर्ट्झला आवाज गेला कुठे?

काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, "कानात घालायचे मायक्रोफोन बनवते." समोरच्याला इअरफोनच वाटतात. इअरफोन कानात आवाज सोडतो; आमचा प्रोब आवाज सोडतो आणि तो कानात किती भरला, कानाने त्याला काय उत्तर दिलं, हेही मोजतो. एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: त्यात काय एवढं? मायक्रोफोन आणखी लहान करा, आणखी संवेदनशील करा, झालं!

या दोन मागण्यांचं एकमेकींशी मुळीच पटत नाही. मायक्रोफोनचा पडदा लहान झाला की त्याच दाबाचं त्याच्यावर पडणारं बल घटतं. हवेच्या रेणूंची धक्काबुक्की तर चालूच असते, ती त्या मानाने मोठी दिसू लागते. फोनमध्ये असतो तसा चांगल्यातला सिलिकॉन मायक्रोफोन घेतला तरी त्याची स्वतःची खरखर साधारण २५ ते ३० डेसिबल भरते. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज शून्य डेसिबलच्या आसपासचा, म्हणजे २० मायक्रोपास्कल. खरखर सगळ्या वारंवारितांवर पसरलेली असते, त्यामुळे अरुंद पट्ट्यात पाहिलं तर चित्र इतकं वाईट नसतं. तरीही आपण बनवलेलं यंत्र ज्याचं मोजमाप घ्यायला निघालंय त्या कानापेक्षाच बहिरं असावं, हे मला अजून खटकतं.

आणि कान नुसता ऐकत नाही, तो आवाजही करतो. १९४८ साली थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने मांडलं होतं की कॉक्लियातल्या, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या नळीतल्या द्रवात कंपनं इतक्या लवकर विरायला हवीत, की आतून कुणीतरी त्यांना जोर पुरवत असल्याशिवाय आपलं ऐकणं एवढं तीक्ष्ण असूच शकत नाही. तसं असेल तर त्यातला थोडा आवाज बाहेरही गळायला हवा. त्या काळच्या मायक्रोफोनांना तो सापडला नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनला डेव्हिड केम्पने कानात टिचकीसारखा आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी परत आलेला प्रतिसाद टिपला. आज नवजात बाळांची श्रवणचाचणी याच प्रतिसादावर होते. बाळाला "ऐकू आलं की बोट वर कर" सांगता येत नाही, पण त्याचा कान स्वतःच जबाब देतो.

हा जबाब बहुधा २० डेसिबलच्याही खालचा असतो. म्हणून पुन्हा पुन्हा टिचक्या द्यायच्या आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. नोंदी दुप्पट केल्या की खरखर ३ डेसिबलने उतरते. उलट बाजूने पाहिलं तर मायक्रोफोन मुळातच ३ डेसिबलने शांत असला की निम्म्या वेळात काम होतं, आणि बाळ केव्हा चुळबुळ करेल याचा नेम नसताना निम्मा वेळ म्हणजे चैन आहे. पण हे एक किलोहर्ट्झच्या वर. त्याखाली श्वास, रक्तप्रवाह, गिळणं यांचाच गोंगाट असतो, आणि तिथे कितीही शांत मायक्रोफोन आणलात तरी तो ते आणखी स्वच्छ ऐकवणार, इतकंच.

माझी खरी खुन्नस मात्र खरखरीशी नाही, जागेशी आहे.

नवीन कुणी कामावर आलं की मी त्यांना त्यांच्याच कानात प्रोब बसवायला लावते. फोमचं टोक बोटांनी चुरून आत सरकवायचं आणि ते फुलून घट्ट बसेपर्यंत थांबायचं, नाहीतर खालचे स्वर फटीतून पळतात. मग स्पीकर खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जातो आणि स्क्रीनवर रेघ उमटते. रेघ बरी चाललेली असते, आणि सहा किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे ती खड्ड्यात पडते. "मॅडम, मायक्रोफोन बिघडला वाटतं." मी म्हणते, प्रोब अजून दोन मिलिमीटर आत ढकल. खड्डा जवळजवळ एक किलोहर्ट्झ उजवीकडे सरकतो. बिघडलेला मायक्रोफोन असा सरकत नाही.

कानाची नळी सुमारे २५ मिलिमीटर लांब. प्रोबचं टोक कानाच्या पडद्यापासून १५ मिलिमीटरवर असेल, तर ज्या स्वराची पाव तरंगलांबी १५ मिलिमीटर भरते तिथे पडद्यावरून परतलेली लाट जाणाऱ्या लाटेला बरोबर प्रोबपाशी खाऊन टाकते. मायक्रोफोनला शांतता दिसते, तर पडद्यावर मात्र आवाज पुरेपूर आदळत असतो. प्रोब आत सरकला की अंतर १३ मिलिमीटर होतं, आणि खड्डा त्या हिशेबाने वर जातो. आता कल्पना करा, यंत्र आपल्या मायक्रोफोनवर आंधळा विश्वास ठेवतंय. त्याला वाटतं आवाज कमी पडतोय, म्हणून ते स्पीकर वाढवतं, आणि बिचाऱ्या पडद्याला ठरल्यापेक्षा १५-२० डेसिबल जास्त मिळतात. अशा चाचणीचा आकडा दशांश चिन्हापर्यंत छापलेला पाहिला की मला हसू येतं.

अगदी बारीक नळी पडद्यापासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत नेता येते. पण ती वाटेत मळ उचलते, वरचे स्वर गिळते, आणि पडद्याला टेकली तर माणूस खुर्चीतून उडतो. दुसरा मार्ग गणिताचा: आधी ठाऊक लांबीच्या नळ्यांमध्ये प्रोबचा स्वभाव मोजून ठेवायचा, मग प्रत्यक्ष कानात जाणारी आणि परतणारी लाट वेगळी काढायची.

मग सेन्सर थेट आतच का नेऊ नये? नेलेत लोकांनी. एलिझाबेथ ओल्सन यांनी १९९८ मध्ये केसापेक्षा फार जाड नसलेल्या काचनळीच्या टोकाला इवलासा पडदा लावून, त्याची हालचाल प्रकाशतंतूने वाचून, जर्बिलच्या, म्हणजे उंदरासारख्या एका प्राण्याच्या, कॉक्लियातल्या द्रवाचा दाब मोजला. पुढे तसेच सेन्सर दान केलेल्या मानवी शंखास्थींमध्येही, म्हणजे कवटीच्या ज्या हाडात कान असतो त्यात, वापरले गेले. पडद्यापासून कॉक्लियापर्यंत आवाज पोचवणाऱ्या तीन हाडांच्या साखळीवर काही चिकटवायचं म्हटलं तर मात्र नाकापेक्षा मोती जड. त्यातली शेवटची, रिकीब, जेमतेम तीन मिलिग्रॅमची, तिच्यावर वजन ठेवलंत तर मोजायचं तेच बदलतं.

२०२४ मध्ये एमआयटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला 'अंबोमाइक' म्हणूनच मला आवडतो. पडद्याच्या मधोमध, साखळीतल्या पहिल्या हाडाचं, हातोडीचं, टोक जिथे चिकटलेलं असतं, तिथे पीव्हीडीएफ या वाकवलं की वीज देणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मची एक बारीक जीभ नुसती टेकवायची. तिथली हालचाल काही नॅनोमीटरची. फिल्मचे थर दोन: जीभ वाकली की एक ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि त्यांचे विद्युत संकेत उलटे निघतात. बाहेरचा विजेचा गोंधळ दोघांवर सारखाच पडतो, म्हणून वजाबाकी केली की तो नाहीसा होतो. डोक्यावर काहीही न घालता चालणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे कॉक्लियात बसवून नसेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्रासाठी, असाच मायक्रोफोन लागेल.

आमच्याकडे सध्या एवढं मोठं काही नाही. वाद आहे तो प्रोबमधल्या काही घन मिलिमीटर जागेचा. मला तिथे दुसरा मायक्रोफोन हवाय, पहिल्यापासून चार मिलिमीटरवर, म्हणजे दोघांतल्या फरकावरून लाटेची दिशा सरळ कळेल. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, खालच्या स्वरांना तो फरक इतका किरकोळ असतो की दोन मायक्रोफोनांतली जराशी विषमता त्याला गिळून टाकेल. त्यापेक्षा तीच जागा पहिल्याच्या मागच्या पोकळीला देऊन तो शांत करू. मोठ्यांच्या प्रोबमध्ये मी हटणार नाही. बाळांच्या प्रोबमध्ये त्याचं बरोबर आहे: तिथे पडदा टोकाच्या इतका जवळ असतो की खड्डा चाचणीच्या स्वरांच्या वर निघून जातो.