खाद्यपदार्थांच्या जुन्या वाघिणी आतून जपायला हव्यात

रेल्वे संग्रहालयात आलेला माणूस आधी इंजिनाकडे वळतो, मग प्रवासी डब्यांत डोकावतो, आणि मालाच्या वाघिणींपाशी, म्हणजे मालडब्यांपाशी, पोहोचेपर्यंत त्याचे पाय थकलेले असतात. इंग्लंडमधल्या डिडकॉट रेल्वे सेंटरमध्ये मी हे नेहमी पाहतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वे या जुन्या कंपनीच्या १९३२ सालच्या इंजिन शेडभोवती उभे राहिलेले हे संग्रहालय ग्रेट वेस्टर्न सोसायटी चालवते. काही शाळकरी मुलांनी १९६१ मध्ये एक छोटे टाकी-इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेले इंजिन) वाचवण्याच्या इच्छेने ही संस्था सुरू केली आणि १९६७ पासून तिचा मुक्काम डिडकॉटला आहे. रेडिंगला राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते ट्रेनने जवळच आहे, त्यामुळे तिथे वरचेवर जाणे होते. इंजिने मलाही आवडतात. परंतु तिथला जो ठेवा मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दूध, मांस, मासळी आणि फळे वाहण्यासाठी खास बांधलेल्या वाघिणींचा आहे. लंडनसारखे अवाढव्य शहर रोज सकाळी काय खात-पीत होते आणि ते ताटापर्यंत नासल्याशिवाय कसे पोहोचत होते, याचे उत्तर या लाकडी-लोखंडी खोक्यांच्या आत आहे. आत, असे मी मुद्दाम म्हणतो.

दुधापासून सुरुवात केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनचे बरेचसे दूध शहरातल्याच गोठ्यांतून येत असे. १८६५ मध्ये गुरांना बुळकांडी रोगाची साथ आली, गोठेच्या गोठे रिकामे झाले आणि शहराला खेड्यांतून रेल्वेने दूध आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जॉर्ज बरहॅम या दूधव्यावसायिकाने त्याच सुमारास रेल्वेच्या दुधाचा व्यवसाय उभा केला, आणि पुढे घरोघर ठाऊक झालेल्या ‘एक्स्प्रेस डेअरी’च्या नावातला ‘एक्स्प्रेस’ हा शब्द त्या गाड्यांवरूनच आला. दूध सतरा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ७७ लिटरच्या, खाली रुंद आणि वर निमुळत्या कॅनमधून येई. भरलेला कॅन उचलणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने हमाल तो तिरपा करून बुडाच्या कडेवर गरगर फिरवत नेत.

हे कॅन वाहण्यासाठी ग्रेट वेस्टर्नने जी व्हॅन बांधली तिचे तारायंत्राच्या संदेशांतले सांकेतिक नाव ‘सायफन’ असे होते, आणि तेच नाव तिच्या अंगावरही रंगवलेले असे. तिच्यात बर्फ नाही, कोणतेही यंत्र नाही. बाजूच्या भिंती अखंड फळ्यांच्या नसून तिरप्या पट्ट्यांच्या आहेत. गाडी धावू लागली की त्या पट्ट्यांमधून वारा आत शिरतो आणि कॅनच्या धातूवरून वाहत राहतो, एवढीच तिची शीतव्यवस्था. म्हणूनच ही व्हॅन संथ मालगाडीला जोडून चालत नसे. प्रवासी गाड्यांसोबत धावू शकतील असे ब्रेक आणि चाके तिला दिलेली होती, आणि मालाच्या करड्या रंगाऐवजी अशा वेगवान व्हॅनना तपकिरी रंग दिला जात असे. थांबलेल्या सायफनमधले दूध तापणार, धावणाऱ्या सायफनमधले टिकणार, हे ध्यानात घेतले की त्या काळच्या वेळापत्रकात दूधगाडीला एवढा मान का होता ते समजते.

१९२७ च्या अखेरीस चित्र बदलले. विल्टशायरमधल्या वुटन बॅसेटहून लंडनला युनायटेड डेअरीजचे दूध पहिल्यांदाच कॅनऐवजी टँकरने गेले. तीन हजार गॅलनची पोलादी टाकी, तिला आतून काचेच्या मुलाम्याचे अस्तर, बाहेरून बुचाचे (कॉर्कचे) आवरण. काचेचे अस्तर दुधाला धातूची चव लागू देत नाही आणि प्रत्येक फेरीनंतर टाकी वाफेने स्वच्छ धुता येते. पहिले टँकर चार चाकांचे होते. प्रवासी गाडीच्या वेगाने पळताना आतले दूध हिंदकळे आणि अख्खा टँकर डुलू लागे, म्हणून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांना तीन आस आणि सहा चाके आली. मालवाहतुकीत सहा चाकांची वाघीण तशी दुर्मीळ. या टँकरना मात्र ती रचना अखेरपर्यंत लाभली. मालकीही विभागलेली होती. चाकांची चौकट रेल्वे कंपनीची आणि वरची टाकी डेअरीची! हा तपशील वरवर हिशेबनिसाच्या कामाचा वाटतो, पण जतनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरला. कारण नियमित दूधगाड्या १९८० मध्ये बंद झाल्यावर एकाच वस्तूच्या दोन भागांचे भवितव्य दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत ठरत होते.

मांसासाठी ‘मायका’ नावाची व्हॅन होती. पांढरी शुभ्र, तांबड्या अक्षरांची, जाड दुहेरी भिंतींची. पांढरा रंग उन्हाचा ताप परतवण्यासाठी, आणि दोन भिंतींमधला उष्णतारोधक थर आतला गारवा टिकवण्यासाठी. बर्केनहेडच्या गोदीवरून निघालेले मांस लंडनमध्ये थेट स्मिथफील्डच्या बाजाराखाली पोहोचत असे. कारण त्या बाजाराच्या पोटातच ग्रेट वेस्टर्नचे मालस्थानक होते, जे १८६९ पासून १९६२ पर्यंत चालले. मासळीच्या लांबलचक व्हॅनला ‘ब्लोटर’ म्हणत, आणि वेल्समधल्या मिल्फर्ड हेवनसारख्या बंदरांतून येणारी मासळी तिच्यातून वाहिली जाई. डिडकॉटला एक मायका आणि एक ब्लोटर आहे, दोन्ही १९२५ साली बांधलेल्या. फळांच्या व्हॅन हवेशीर असत. इव्हशॅमच्या खोऱ्यातले प्लम आणि दक्षिणेकडच्या स्ट्रॉबेऱ्या अशा व्हॅनमधून जात.

केळ्यांच्या व्हॅनची गोष्ट सगळ्यांत वेगळी आहे. बाकी सगळ्या पदार्थांना गारवा हवा, तर केळ्यांना ऊब. थंडीने केळी काळवंडतात हे रावेर-सावद्याच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात मात्र गोदीवर उतरलेले हिरवे घड शहरातल्या पिकवणीच्या खोल्यांपर्यंत नेणे हे मोठेच काम होते. त्यासाठी या व्हॅनच्या भिंती उष्णतारोधक केलेल्या असत आणि इंजिनाची वाफ नळ्यांमधून आत फिरवलेली असे. म्हणजे प्रवाशांच्या डब्यांत जी वाफेची सोय होती, तीच केळ्यांनाही.

आता या वाघिणी शिल्लक कशा राहिल्या ते पाहू. ज्या कामासाठी त्या बांधल्या होत्या ते काम रस्त्यावरच्या ट्रकांनी आणि शीतगृहांनी एकेक करून काढून घेतले, आणि नेमक्या त्याच काळात संग्रहालयांचे लक्ष वाफेची इंजिने भंगारातून वाचवण्याकडे होते. वाघिणी वाचल्या त्या बहुधा दुसरे काहीतरी काम मिळाल्यामुळे. काही सायफन दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रुग्णगाड्यांसाठी बदलून घेतल्या गेल्या. युद्धानंतर दूध कमी झाले तसे पुष्कळ सायफन वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहू लागल्या. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत ब्रिटिश रेल्वेने मासळीसाठी उत्तम उष्णतारोधक व्हॅन बांधल्या. वेगवान धावेसाठी नव्या प्रकारचे बेअरिंग असलेल्या त्या व्हॅनवर ओळखीसाठी निळा ठिपका असे. पण मासळीची वाहतूकच इतक्या झपाट्याने आटली की त्या पार्सलच्या कामाला लागल्या. काही वाघिणी यार्डात अवजारांची कोठारे झाल्या. आणखी कितीतरी वाघिणींची चाके काढून नुसती शरीरे शेतकऱ्यांना विकली गेली. तिथे त्यांत कोंबड्या राहिल्या, चारा साठला, आणि कुडावर पत्रा ठोकल्यामुळे लाकूड कोरडे राहिले. त्या शेतकऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, असे मी मनापासून मानतो.

जतनाच्या जगातही या वाघिणींची जागा खालचीच राहिली, आणि त्याला कारण आहे. वारसा रेल्वे, म्हणजे जुन्या गाड्या हौसेने जपून चालवणारी रेल्वे, तिकिटांवर चालते. प्रवासी डबा दुरुस्त केला तर त्यात माणसे बसतात आणि पैसे येतात. मायकामध्ये कोणी बसत नाही. आइल ऑफ वाइटच्या वारसा रेल्वेने जुन्या व्हिक्टोरियन डब्यांची शरीरे पार्सल व्हॅनच्या चौकटींवर बसवून ते डबे पुन्हा धावते केले, आणि ते काम सुंदर आहे. तरीही अशा प्रत्येक डब्यासाठी एक व्हॅन खर्ची पडते हे विसरता येत नाही. साध्या पार्सल व्हॅन शेकड्यांनी होत्या, त्यामुळे तिथे हा सौदा मला मान्य आहे. दूध-टँकरची सहाचाकी चौकट किंवा मायकाची चौकट कोणी अशा कामासाठी मागितली, तर माझे उत्तर नाही असेच असेल, कारण टाकीविना चौकट आणि चौकटीविना टाकी ही दोन्ही अर्धवट भंगारे आहेत.

याहून माझा मोठा आक्षेप मात्र जतनाच्या रीतीवर आहे. मी एका लहान वारसा रेल्वेवर अधूनमधून लाकूडकामाला मदत करतो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी एकच क्रम पुन्हा पुन्हा पाहिला आहे. व्हॅन येते, तिचे बाहेरचे रूप जुन्या छायाचित्राबरहुकूम करण्यासाठी माणसे महिनोन्महिने राबतात, अक्षरांची उंची इंचाच्या अंशापर्यंत मोजली जाते. आणि आतला भाग ‘रिकामा’ करून त्यात खुर्च्या, फळ्या किंवा रंगाचे डबे ठेवले जातात. खाद्यपदार्थांच्या वाघिणीत रिकामे असे काही नसते. छताखालच्या आडव्या दांड्या आणि त्यावर सरकणारे हुक, पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला दिलेला उतार, दाराच्या कडेची जाड गादी, भिंतीतले बूच, सायफनच्या पट्ट्यांचा तिरका कोन: हेच तिचे यंत्र आहे. रंग कधीही पुन्हा देता येतो, आणि मुळात तो दर काही वर्षांनी बदलतच होता. काढून टाकलेले बूच परत येत नाही.

एकदा एका जुन्या व्हॅनच्या तळफळ्या उचकटण्याआधी मी कंदील जमिनीलगत धरून त्या पाहिल्या होत्या. सरळ उजेडात दिसत नाहीत अशा अर्धगोल खुणा तिरप्या उजेडात उठून दिसल्या, दाराकडून कोपऱ्याकडे वळत जाणाऱ्या, एकमेकींवर पडलेल्या. कडेवर फिरवलेल्या कॅनच्याच त्या असाव्यात. कोणत्या दारातून भरणी होत होती आणि कॅन कोणत्या क्रमाने लागत होते, हे त्या खुणांवरून वाचता येत होते. ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडनच्या कारखान्यातल्या कागदांवरून व्हॅन कशी बांधायची ते कळते. ती प्रत्यक्षात कशी वापरली गेली हे फळ्याच सांगतात. त्यातल्या बऱ्याच फळ्या कुजलेल्या होत्या आणि बदलाव्या लागल्या, हेही खरे.

अडचणी खऱ्या आहेत हे मला मान्य आहे. दुहेरी भिंतीत एकदा पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही. बूच ओले राहते, ओकचे खांब आतून पोखरले जातात, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कोपऱ्यात पटाशी लाकडी दांड्यापर्यंत बुडते. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून कोरडे घासणे धोक्याचे. मुखवटा लावून, पृष्ठभाग ओला ठेवूनच खरवडावे लागते. ब्रिटिश रेल्वेच्या काळात पुष्कळ व्हॅनच्या फळ्या काढून प्लायवूड ठोकले गेले, मग मूळ कोणते मानायचे हा प्रश्न येतोच. माझ्या मते एका बाजूची भिंत उघडून तिच्यातले थर काचेमागे जसेच्या तसे दाखवावेत, उरलेल्या भिंती नव्या लाकडाने भक्कम कराव्यात, आणि नव्या फळीच्या मागच्या बाजूला वर्ष कोरून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला जुने कोणते आणि नवे कोणते ते शोधत बसावे लागणार नाही.

कोणताही भाग सोडवण्यापूर्वी त्याचे मोजमाप, छायाचित्र आणि जागेचा क्रमांक लिहून ठेवणे हे काम कोणीही करू शकते. त्याला सुतारकी यावी लागत नाही आणि पैसेही जवळपास लागत नाहीत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणाला रविवारचे चार तास देता येत असतील, तर जवळच्या वारसा रेल्वेच्या वाघिणी विभागाला तुम्ही नक्की हवे आहात. इंजिनांकडे हात पुष्कळ असतात. आणि गेलात तर आधी विचारा की सध्या कोणत्या व्हॅनचे काम सुरू आहे आणि तिच्या आतल्या वस्तू काढून कुठे ठेवल्या आहेत.