हो आंबो कोणी काढल्यान?

'आता जगून करायचं काय' हा प्रश्न मला कामावर इतक्यांदा ऐकायला मिळतो की नवीन पेशंटच्या घरी गेले की मी त्याची वाटच बघत असते. कोणी पहिल्या दिवशी विचारतं, कोणी महिन्याने. मी फिजिओथेरपिस्ट आहे, देवगड तालुक्यात घरोघरी व्हिजिट करते. पॅरालिसिसचे पेशंट, खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या, आणि सीझनमध्ये आंब्यावरून नाहीतर माडावरून पडलेली माणसं.

हे दादा असेच आंब्यावरून पडलेले. मागच्या सीझनला पहाटे दवात फांदीवरून पाय सटकला. वय चाळिशीच्या जरा पुढे, सगळं आयुष्य कलमांत गेलेलं. पाठीचा डी १२, म्हणजे बरगड्या संपतात तिथला मणका मोडला, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन रॉड बसले, पण कमरेखाली ताकद पण नाही आणि स्पर्श पण कळत नाही. हात मात्र एकदम दणकट, म्हणजे माझ्या हिशोबाने हा माणूस व्हीलचेअरवर बऱ्यापैकी स्वतःचं स्वतः करू शकतो. फक्त त्याला बसायला पाहिजे. आणि नुसतं बसून नाही, दर १५-२० मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग खुर्चीतून वर उचलायला पाहिजे. आपण बसल्या जागी नकळत चुळबुळ करतो ना, ती यांना ठरवून करावी लागते, कारण खाली टोचतंय, अवघडलंय हे कळतच नाही आणि मग बेडसोर, म्हणजे दाबाने पडणारी जखम, होतो, आणि बेडसोर चिघळला की जीवावर बेततं.

पण दादा अर्ध्या तासात म्हणायचे, "माका आडवो करा, घेरी येता." घेरी सुरुवातीला खरोखर येते, खूप दिवस झोपून असलेल्या माणसाचं बीपी बसल्यावर खाली जातं. नंतर ती येत नव्हती, बीपी मी स्वतः बघायचे. त्यांना बसायचंच नव्हतं. एकदा सरळ म्हणाले, "मॅडम, मी मेलंय असतंय तर बरा झाला असता. आता माझो उपयोग काय?"

यावर मी कधी भाषण देत नाही. बघायला येणारे मात्र देतात. कोणी सांगणार मागच्या जन्माचे भोग, कोणी म्हणणार देवाने वाचवलंय म्हणजे त्याचा काहीतरी हेतू असणार, मुंबईचा भाचा येऊन मोबाईलवर मोटिवेशनचे व्हिडिओ लावून गेला. मला याचा मनापासून राग येतो. ज्या माणसाला स्वतःची लघवी कधी झाली ते कळत नाही त्याला तुम्ही हेतू शोधायला लावताय?

व्हिक्टर फ्रँकल नावाचे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. नाझींनी त्यांना ऑशविट्झ धरून चार छळछावण्यांत ठेवलं, १९४५ ला सुटले तेव्हा बायको, आईवडील, भाऊ कोणी उरलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की आयुष्याला अर्थ काय असं आपण विचारत बसायचं नसतं, आयुष्य आपल्याला विचारत असतं आणि उत्तर आपण द्यायचं असतं, तेही बोलून नाही, करून. हे मला आधीपासून पटलेलं आहे. पण दादांच्या पडवीत ते मी डोळ्यांनी बघितलं.

एप्रिलचा शेवट, म्हणजे घरात पाय ठेवायला जागा नाही. पडवीभर आंबे, एका बाजूला गवत, एका बाजूला पेट्या. धाकटा भाऊ बागेत, वहिनी एकट्या पेट्या भरतायत, आत दादांकडे बघायला कोणी नाही म्हणून त्यांनी त्यांना व्हीलचेअरवर घालून पडवीत आणून ठेवलेलं. दादा भिंतीकडे तोंड करून गप्प. मी बॅग ठेवतेय तोवर काढणीवरचा नवीन नेपाळी पोरगा क्रेट ओतायला आला, एक आंबा गडगडत चाकाशी आला. दादांनी तो उचलला, देठाकडे अंगठा फिरवला, आणि जो आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता त्या आवाजात विचारलं, "हो आंबो कोणी काढल्यान?"

पोरगा घाबरला. दादा म्हणाले, "बघ हय. खांदे भरूक नाय अजून. ह्यो पेटयेत गेलो तर गिऱ्हाईक परत येवचा नाय."

हापूस तयार झाला की त्याचे खांदे देठाच्या वर येतात, देठाशी खळगा पडतो. आमच्याकडे चौदा आणे तयार म्हणतात तो हा, तो काढायचा आणि तोच गवताच्या अढीत नीट पिकतो. कोवळा काढला तर चव येत नाही. मला हे ऐकून माहिती, दादांना अंगठ्यात माहिती. वहिनी काही बोलल्या नाहीत, आंब्यांचा ढीग सरकवून खुर्चीजवळ आणला, बास. दादा एकेक फळ घेऊन बघायला लागले, हा पेटीत, हा बाजूला, ह्याला डाग, ह्याचा देठ तुटलाय चीक लागलाय, मधेच पोराला जवळ बोलावून त्याचाच अंगठा धरून फळावर फिरवत होते.

मी ठरलेला व्यायाम बाजूला ठेवला आणि मोबाईलवर २० मिनिटांचा टायमर लावला. वाजला की उचलायचं, एवढीच अट. पहिल्यांदा मी सांगितल्यावर उचललं. नंतर टायमर वाजायच्या आधीच, मांडीवरचा आंबा पोराकडे देऊन, दात आवळून स्वतःला वर घेत होते, कारण ते केलं नाही तर मी आत न्यायला सांगेन हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असे दोन तासांवर बसले. झोपवल्यावर मी कातडी तपासली, थोडी लाली होती, अर्ध्या तासात गेली. घेरीचं नावही नाही.

दादांना आंब्यात जीवनाचा अर्थ सापडला असं मी म्हणणार नाही. मला दिसलं ते इतकंच, की वर्षभर दादांबद्दल सगळे विचारत होते, दादांना कोणी काही विचारत नव्हतं. मन रमावं म्हणून पोथी दिली होती, मोबाईलवर गेम दिले होते, पण ते वेळ घालवायला दिलंय हे माणसाला लगेच कळतं. इथे खरंच अडलं होतं. १९७६ साली अमेरिकेत कनेक्टिकटच्या एका वृद्धाश्रमात असाच एक प्रयोग झाला होता, एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना एकेक झाड देऊन सांगितलं हे तुम्हीच सांभाळायचं, शिवाय रोजच्या बारीकसारीक गोष्टी तुम्हीच ठरवायच्या, आणि दुसऱ्या मजल्यावर झाडं दिली पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत आली, दीड वर्षाने बघितलं तर मृत्यूही कमी होते. अभ्यास लहान होता, त्यावर फार इमले बांधू नयेत, पण माझ्या पेशंटच्या नातेवाइकांना मी तो आवर्जून सांगते.

मग ज्यांचे हातही गेले, वाचाही गेली, त्यांचं काय? हा प्रश्न मला सोडत नाही, कारण माणसाची किंमत कामावरून ठरते हे मला अजिबात मान्य नाही. फ्रँकल अर्थाच्या तीन वाटा सांगतात: काम, प्रेम, आणि टळत नाही ते दुःख आपण कसं सोसतो ते. माझी पेशंट एक आजी आहे, स्ट्रोकनंतर एक शब्द बोलता येत नाही. शेजारची एक बाई रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसते, घरात जे कोणाला सांगता येत नाही ते सांगते, रडते, जाते. आजी तिचा हात धरून असते, आणि बाई यायला उशीर झाला की दाराकडे बघत राहते.

त्या दिवशी मी निघताना वहिनींनी हळूच विचारलं, आंबे संपल्यावर काय करायचं? मला उत्तर सुचायच्या आत आतून दादांचा आवाज आला, "रायवळाचे बाटे टाकू नको गो, ठेव." बाटे म्हणजे आंब्याच्या कोयी. पावसाला सुरुवात झाली की ते रुजत घालायचे आणि रोप कोवळं तांबूस असतानाच त्यावर हापूसची काडी बांधायची, कोय कलम, दादा हे पडायच्या आधी दरवर्षी करायचे. बसून करायचं काम आहे. पण त्यासाठी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरायला पाहिजे आणि पडवी दीड फूट उंच. मी सांगितलं, रॅम्पला एक फूट उंचीमागे १२ फूट लांबी लागते, म्हणजे १८ फूट. भाऊ तोवर बागेतून आला होता, म्हणाला एवढा कशाला, आठ फुटांत भागवू, मी ढकलीन. दादा म्हणाले, "तू ढकलूचो नाय. माझा मी जातलंय." टेप आणली, खळ्यात सरळ १८ फूट मिळेनात, मधे तुळस. दोघांचं त्यावरून बरंच वाजलं, शेवटी तुळशीच्या अलीकडे सपाट जागा ठेवून तिथून रॅम्प वळवायचा ठरला आणि भावाने चिऱ्यांसाठी फोन लावला.