ल माँ: जिथे मालकच गाडीखाली असतो

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे तासाभरात फ्रान्समधल्याच ल माँला पोचते आणि तिथून ट्राम थेट सर्किटच्या, म्हणजे शर्यतीच्या मार्गाच्या, जवळ सोडते. जुलै २०२३ ची गोष्ट. इथल्या प्रसिद्ध २४ तासांच्या मोटार शर्यतीला शंभर वर्षं झाली होती आणि ‘ल माँ क्लासिक’ या जुन्या मोटारींच्या शर्यतीसाठी त्यांची जत्राच भरली होती.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, वडिलांच्या लेथच्या गाळ्यात. ऑईलचा वास आला की मला घर आठवतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे मोटारी तयार करतात त्या आवारात, शिरलो आणि तसंच झालं.

एका हिरव्या बेंटलीखालून दोन पाय बाहेर आले होते. मला वाटलं फिटर असेल. चिंधीला हात पुसत साठीचे एक गृहस्थ उठले, तर ते मालक निघाले! इंग्लंडमध्ये त्यांचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. वर्षभर तो चालवायचा आणि उन्हाळ्यात ही मोटार पळवायची. त्यांनी मला पेडल दाखवले. ॲक्सिलरेटर मध्ये, ब्रेक उजवीकडे! गिअरचा दांडा उजव्या हाताला, आणि गिअर बदलताना दर वेळी क्लच दोनदा दाबायचा. घाबरून पाय सवयीच्या जागी गेला तर मोटार थांबण्याऐवजी उधळेल. हे ऐकून माझेच तळपाय गार पडले.

वुल्फ बार्नाटोचा विषय निघाल्यावर ते खुलले. वुल्फचे वडील दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांवर गब्बर झालेले. वुल्फने १९२६ साली डबघाईला आलेल्या बेंटली कंपनीत पैसा ओतला, तिचा अध्यक्ष झाला आणि आपल्याच कारखान्याची मोटार घेऊन इथे उतरला. १९२८, १९२९, १९३०. तीनदा आला, तिन्ही वेळा जिंकला. १९२९ ला तर पहिले चारही क्रमांक बेंटलीचे! तरी मला १९२८ चा विजय सगळ्यांत मोठा वाटतो. शेवटी शेवटी चासी, म्हणजे मोटारीचा सांगाडा, तडकली, रेडिएटरचं पाणी गेलं, आणि या माणसाने इंजिन सांभाळत, चुचकारत मोटार शेवटापर्यंत आणली. पैसा लावणारे पुष्कळ असतात. तडकलेल्या चासीवर स्वतः बसणारा मालक मला दुसरा आठवत नाही. कंपनी मात्र १९३१ साली मंदीत बुडाली आणि रोल्स-रॉइसकडे गेली.

सर्किटची एक फेरी साडेतेरा किलोमीटरहून जास्त. त्यातला युनोदिएरचा लांब सरळ पट्टा एरवी साधा हमरस्ता आहे, त्यावरून ट्रक जातात. क्लासिकमध्ये प्रत्येक काळातल्या मोटारींचा वेगळा गट असतो आणि प्रत्येक गट तीनदा धावतो, एकदा रात्रीही.

रात्री मी कुंपणाला टेकून उभा होतो. थंडी वाजत होती, पण हलवेना. आधी दूरवर दोन पिवळे दिवे दिसले, मग तो जाड, घोगरा आवाज आला. हिरवी बेंटली समोरून गेली तेव्हा छातीत धडधडलं. पाय नक्की उजवीकडच्या ब्रेकवरच जाईल ना, एवढंच डोक्यात आलं.

रविवारी ते ट्रेलरवर मोटार चढवत होते. मी दोरी ओढायला हात लावला. राहत का नाही, म्हणून विचारलं. म्हणाले, “सोमवारी सकाळी आठला कारखाना उघडायचाय. किल्ली माझ्याकडे आहे.”